चर बुजवण्याआधी: पावसाळी गटाराच्या कामाची तपासणी

सोलापूरचा पाऊस तसा बेताचा; पण सप्टेंबरात एकदा कोसळला की तासाभरात सोसायटीच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी. गटार कसं बांधलंय ते तेव्हा कळतं आणि तोवर ठेकेदाराचं बिल चुकतं झालेलं असतं. आम्ही अशा कामांची तपासणी करतो, म्हणून आमचा आग्रह एकच: पाइप बसले की चर बुजवण्याआधी आम्हाला बोलवा. माती ओढल्यावर तपासायला उरतं काय? चेंबरचं झाकण!

आमचा सर्वांत जास्त वेळ ढाळ मोजण्यात जातो. नकाशात १:२०० ढाळ (२०० मीटरला १ मीटर उतार) असेल, तर ३० मीटरवरच्या दोन चेंबरांमध्ये पाइपाच्या तळाला १५ सेंटीमीटरचा फरक हवा. तो नजरेने कळत नाही, ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावावी लागते. दोन्ही टोकं बरोबर असूनही मधला पाइप खचलेला असू शकतो. त्यासाठी एका चेंबरात टॉर्च आणि दुसऱ्यात आरसा धरतो. उजेडाचं पूर्ण वर्तुळ दिसलं तर लाइन सरळ; चंद्रकोर दिसली तर तिथे गाळ साचणार, हे नक्की.

पाइप खचतो तो बहुधा काळ्या मातीमुळे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि सांधे उघडे पडतात. ती काढून तळाला मुरूम ठोकून घ्यावा किंवा पीसीसी (सळई न घातलेलं साधं काँक्रीट) करावं. वरचा भरावही १५-२० सेंटीमीटरच्या थरांत, पाणी मारून, धुम्मस करून. जेसीबीने एकदम लोटलेली माती पुढच्या पावसात बसते आणि वरचे पेव्हर ब्लॉकही घेऊन बसते.

पाइपावर व्यास आणि वर्ग (मजबुतीची प्रत) लिहिलेला असतो, तो स्वतः वाचा. एनपी२ हा सिमेंट पाइपाचा वर्ग हलक्या वाहतुकीसाठी असतो. पाण्याचे टँकर, ट्रक येणार असतील तर नकाशात कोणता वर्ग आहे ते आधी पाहा. सॉकेटचं, म्हणजे पाइपाच्या रुंद टोकाचं, तोंड चढाकडे हवं.

चेंबरच्या काँक्रीटचे क्यूब (ताकद तपासायचे नमुन्याचे ठोकळे) आमच्यासमोरच भरले जावेत. मागाहून आलेल्या क्यूबवर आम्ही सही करत नाही. पीपीसी (राखेसारखा पोझोलाना मिसळलेलं) सिमेंट असेल तर इथल्या उन्हात १४ दिवस ओलं पोतं ठेवावं. "दोन दिवस पाणी मारलं" हे उत्तर चालत नाही.

बोलावताना मंजूर नकाशा आणि कामाचं मोजमाप हाताशी ठेवा. अहवाल मराठीत, फोटोंसह देतो. त्याची प्रत ठेकेदाराला द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा. संडास-न्हाणीची लाइन कोणी गुपचूप या गटाराला जोडलेली आढळली, तर तेही अहवालात येईल. आधीच सांगून ठेवतो.