वारंवार होणारं यीस्ट इन्फेक्शन: प्रतिकारशक्ती कमी की जास्त?

खाज, आग, अंगावरून पांढरं जाणं. गोळी घेतली की थांबतं आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सुरू होतं. अशा बाईला नणंदेपासून केमिस्टपर्यंत सगळे एकच सांगतात, "तुमची प्रतिकारशक्ती कमी झालीय." मग गुळवेल, काढे, व्हिटॅमिनच्या गोळ्या. हे निदान एका आजाराला बरंचसं लागू पडतं, पण तिला सहसा तो आजार नसतो.

तो आजार म्हणजे क्रॉनिक म्युकोक्युटेनियस कँडिडियासिस, म्हणजे यीस्ट इन्फेक्शन करणाऱ्या कँडिडा या बुरशीचा तोंड, नखं आणि त्वचेवरचा चिवट संसर्ग. दुर्मिळ आहे आणि बहुतेकदा लहानपणीच सुरू होतो. जिभेवर पांढरे थर, जाड झालेली नखं, त्वचेवर चट्टे, आणि औषध थांबलं की सगळं परत. यात टीएच-१७ नावाच्या टी-पेशींचं (संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं) काम बिघडलेलं असतं. या पेशी इंटरल्युकिन-१७ हे निरोप देणारं प्रथिन सोडतात, तेव्हा कुठे त्वचा आणि तोंडाचं अस्तर बुरशीला मारणारी प्रथिनं बनवतं. २०११ मध्ये या मार्गातले जनुकीय दोष काही रुग्णांत नेमके सापडले. सोरायसिस या त्वचारोगावरचं सेक्युकिनुमॅब हे इंजेक्शन हाच इंटरल्युकिन-१७ अडवतं, आणि ते घेणाऱ्या काही जणांच्या तोंडात कँडिडा वाढते. यापेक्षा सरळ पुरावा काय हवा!

तरीही या रुग्णांच्या रक्तात कँडिडा क्वचितच शिरते. रक्तातली राखण मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी करतात, आणि त्या सहसा धडधाकट असतात. म्हणजे इथेही 'प्रतिकारशक्ती कमी' हे अर्धंच खरं. स्टॅट-१ जनुकाच्या दोषात तर एक संदेश गरजेपेक्षा जास्त चालू राहतो आणि टीएच-१७ पेशी तयार होऊ देत नाही. अशा काही रुग्णांना रुक्सोलिटिनिबने बरं वाटलं आहे, आणि ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे.

आता योनिमार्गातला वारंवार होणारा संसर्ग, म्हणजे वर्षात तीन किंवा जास्त वेळा. या बहुतेक बायका एरवी ठणठणीत असतात. एचआयव्हीत सीडी-४ पेशी (हा विषाणू ज्यांना मारतो त्या टी-पेशी) रक्ताच्या दर घन मिलिमीटरमागे २०० च्या खाली गेल्या की तोंडात कँडिडा सर्रास दिसते, पण योनीतला संसर्ग त्या प्रमाणात वाढत नाही. तोंडाचा नियम योनीला लागू नाही, ही शंका इथूनच बळावली.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी स्वयंसेविकांच्या योनीत जिवंत कँडिडा सोडली गेली. ज्यांना त्रास झाला त्यांच्या स्रावात न्यूट्रोफिलची झुंबड होती. ज्यांना झाला नाही त्यांच्यात दाह नव्हता, मात्र कँडिडा अनेकींच्यात होतीच. म्हणजे खाज आणि आग ही बरीचशी आपल्याच पेशींची करणी. कँडिडा गोल यीस्टचं रूप सोडून तंतू काढते, तेव्हा कँडिडालायसिन हे विष सोडते (ते २०१६ मध्ये ओळखलं गेलं). अस्तर त्याने दुखावतं आणि न्यूट्रोफिलना बोलावणं धाडतं. ते येतात, गोंधळ घालतात, पण बुरशी मारत नाहीत. उंदरांवरच्या अभ्यासात याचं एक कारण दिसलं: योनिस्रावातलं हेपरान सल्फेट त्यांना कँडिडाला चिकटूच देत नाही.

सीमारेषा अर्थात इतकी स्वच्छ नाही. २००९ मध्ये एका डच कुटुंबात डेक्टिन-१ या बुरशी ओळखणाऱ्या रेणूचा दोष सापडला. त्या घरातल्या बायकांना योनीतला संसर्ग वारंवार होई आणि नखांचाही. शिवाय मधुमेह आणि अँटिबायोटिक्स ही नेहमीची कारणं आहेतच. म्हणून काढ्याआधी साखर तपासावी, आणि स्रावाचा कल्चरही (बुरशी वाढवून तिची जात ओळखण्याची तपासणी) करून घ्यावा, कारण कँडिडा ग्लॅब्राटा ही जात फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या बुरशीविरोधी गोळीला सहसा दाद देत नाही. लहानपणापासून तोंड, नखं आणि त्वचा एकदमच बिघडत असतील, तर मात्र इम्युनॉलॉजीच्या डॉक्टरांकडे जायला हवं.

कँडिडा अल्बिकन्स या नेहमीच्या जातीसाठी डॉक्टर आधी संसर्ग आटोक्यात आणतात आणि मग सहा महिने आठवड्याला एक फ्लुकोनॅझोल देतात; गरोदरपणात नाही. २००४ च्याच एका मोठ्या चाचणीत सहा महिन्यांअखेर अशा सुमारे ९१ टक्के बायका त्रासमुक्त होत्या. गोळी थांबल्यावर आणखी सहा महिन्यांनी हा आकडा ४३ टक्क्यांवर आला होता.