लॅक्स्टन

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातलं, शेरवूडच्या जंगलपट्ट्याजवळचं छोटं शेतकरी गाव. वस्ती काही शे माणसांची. पण मध्ययुगातली खुल्या शेतांची पद्धत इथे अजून चालू आहे, आणि ती बघायला म्युझियममध्ये जावं लागत नाही, तिथले शेतकरी खरोखर तशी शेती करतात.

गावाभोवती तीन मोठी शेतं आहेत, वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. प्रत्येक शेत लांबट पट्ट्यांमध्ये वाटलेलं, आणि एकाच शेतकऱ्याचे पट्टे तिन्हीकडे विखुरलेले. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पूर्वी पडीक ठेवायचे, आता तिथे चाराही घेतात, आणि दरवर्षी हा फेरा पुढे सरकतो. मधे कुंपण नाही, बांध नाही. आपल्याकडे बांध कोरला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या केसेस चालतात, इथे कोरायला बांधच नाही, त्यामुळे हद्द सांभाळायचं काम अख्ख्या गावावर आहे.

ते काम करते ज्युरी. नोव्हेंबरच्या शेवटी बारा शेतकरी ट्रॅक्टरच्या ट्रेलरमध्ये बसून गव्हाच्या शेतात जातात, खुंट्या ठोकून हद्दी पक्क्या करतात आणि कुणी शेजाऱ्याच्या पट्ट्यात किंवा सामाईक रस्त्यात नांगर घातलाय का ते बघतात. दंड किरकोळ असतो, पण तो सगळ्या गावासमोर होतो, मला वाटतं खरी जरब त्याचीच. मग आठवड्याभराने डव्हकोट इन या पबमध्ये कोर्ट लीट भरतं, म्हणजे जहागिरीचं जुनं न्यायालय, तिथे दंड कायम होतात आणि पुढच्या वर्षीची ज्युरी शपथ घेते. १९७७ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या अशा बाकीच्या कोर्टांचे न्यायाचे अधिकार काढून घेतले, लॅक्स्टनचे तेवढे ठेवले. मोकाट जनावरं कोंडवाड्यात घालणारा माणूससुद्धा पूर्वी नेमलेला असायचा. नांगरता न येणाऱ्या ओलसर गवताच्या पट्ट्यांना साइक म्हणतात, त्यावरच्या गवताचा लिलाव होतो.

गाव जुनं आहे, १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत, त्याची नोंद आहे. नॉर्मन काळातल्या, म्हणजे १०६६ मध्ये फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या, किल्ल्याचा मातीचा उंचवटा अजून नीट दिसतो, तिथून राजाच्या शेरवूड जंगलाचा कारभार चालायचा. चर्चमध्ये लाकडात कोरलेली एका सरदारपत्नीची मूर्ती आहे, अशा लाकडी मूर्ती इंग्लंडमध्ये थोड्याच उरल्यात. १६३५ साली मार्क पियर्सने काढलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत आहे, त्यात पट्टे तर आहेतच, शिवाय नांगरणारी माणसं आणि जनावरंही चितारलीत.

बाकीच्या इंग्लंडमध्ये १६०४ ते १९१४ या काळात ५,२०० हून जास्त कायदे करून अशा जमिनींना कुंपणं घातली गेली, देशाचा पाचवा हिस्सा त्यात गेला आणि गरिबांची चराई बुडाली. लॅक्स्टनचीही बरीच जमीन कुंपणात गेली, उरलेली तीन शेतं वाचली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मालकाने, म्हणजे अर्ल मॅनव्हर्सने, बारीक पट्टे जोडून मोठे केले, म्हणजे आजचं चित्र काही जसंच्या तसं मध्ययुगीन नाही, हे टुरिस्ट माहितीपत्रक वाचताना लक्षात ठेवलेलं बरं. १९५२ मध्ये मॅनव्हर्स घराण्याने गाव शेती मंत्रालयाला विकलं, १९८१ मध्ये ते राजघराण्याच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेलं, आणि २०२० मध्ये त्यांनी ते विकलं थोर्सबी इस्टेटला, म्हणजे फिरून मॅनव्हर्सांच्याच जुन्या जहागिरीला.