पास्ट्रामीचा ढीग आला कुठून?

३१ डिसेंबर २०१६ रोजी न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ ॲव्हेन्यूवरची कार्नेगी डेली कायमची बंद झाली. १९३७ पासून चाललेलं हे ज्यू धाटणीचं खाण्याचं दुकान. शेवटच्या दिवसांत लोक थंडीत कुडकुडत फुटपाथवर रांगा लावून उभे होते, आणि त्यांना हवं होतं ते एक सँडविच. राय या धान्याच्या ब्रेडचे दोन पातळ काप आणि त्यांच्यामध्ये किमान एक पौंड, म्हणजे जवळजवळ अर्धा किलो, पास्ट्रामी (मुरवून धुरावलेलं गोमांस) किंवा कॉर्न्ड बीफ (मुरवून उकडलेलं गोमांस). जबडा कितीही ताणला तरी तोंडात न मावणारं. दुकानाचं ब्रीदच असं होतं, की तुम्ही ताट संपवू शकलात तर आमचंच काहीतरी चुकलं.

एवढं मोठं सँडविच म्हणजे पर्यटक खेचायची युक्ती, असं वाटणं साहजिक आहे. पुढेपुढे ते काही अंशी खरंही झालं. पण या ढिगामागे भूक आहे, पिढ्यान् पिढ्यांची. आणि गंमत अशी की ज्या लोकांनी ज्यू डेली अमेरिकेत रुजवली, त्यांनी स्वतः असलं सँडविच आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पोलंड, लिथुआनिया, युक्रेन, रोमानिया इथल्या ज्यू वस्त्यांमध्ये आठवडाभराचं जेवण म्हणजे काळा ब्रेड, बटाटे, कांदा, बीटाचं सूप आणि मिळाला तर खारवलेल्या हेरिंगचा तुकडा. मांस शुक्रवारी रात्री, शब्बाथच्या म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या ताटात, तेही बहुधा एखाद्या कोंबडीचं, जी सगळ्या घराला पुरवायची. १८८१ मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली. त्यानंतर ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या, पाठोपाठ जाचक कायदे आले, आणि गरिबी तर होतीच. तेव्हापासून १९२४ साली अमेरिकेने कायदा करून दार जवळपास बंद करेपर्यंत वीस लाखांहून अधिक पूर्व युरोपीय ज्यू अमेरिकेत उतरले. त्यांतले असंख्य मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला, काळोख्या चाळींमध्ये दाटीवाटीने राहिले.

डेली मात्र तिथे त्यांच्या आधीच पोहोचलेली होती. ‘डेलिकेटेसन’ हा शब्द जर्मन, त्याचं मूळ फ्रेंच, आणि अर्थ चोखंदळ खाणाऱ्यांचे जिन्नस. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आलेल्या जर्मन लोकांनी धुरावलेलं मांस, सॉसेज, लोणची, बटाट्याचं सॅलड विकणारी दुकानं न्यूयॉर्कमध्ये काढली होती. त्यांतल्या ज्यू दुकानदारांनी डुकराच्या जागी गोमांस आणलं. मागाहून आलेल्या पूर्व युरोपीय ज्यूंनी ही तयार चौकट उचलली आणि तिच्यात आपला मसाला भरला. पण सावकाश. १८९९ साली लोअर ईस्ट साइडच्या एका भागात केलेल्या पाहणीत १३१ खाटीक सापडले आणि डेलिकेटेसन फक्त दहा. बाहेरचं तयार मांस विकत आणणं ही तेव्हा चैन होती. घरच्या बाईला त्यावर विश्वासही नव्हता.

मांसाचं मोल या वस्तीला किती होतं ते १९०२ च्या मे महिन्यात दिसलं. कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसणाऱ्या, मांसाचा भाव पौंडाला १२ सेंटवरून १८ सेंटवर गेला, आणि लोअर ईस्ट साइडच्या बायका रस्त्यावर उतरल्या. दुकानांत घुसून त्यांनी मांस बाहेर फेकलं, त्यावर रॉकेल ओतलं, विकत घेणाऱ्यांच्या हातातल्या पिशव्या हिसकावल्या. पोलिसांनी अटका केल्या तरी बहिष्कार पसरतच गेला. अखेर भाव उतरला. पौंडामागे सहा सेंटांसाठी लढलेल्या या बायका आठवल्या की कार्नेगीचा तो ढीग माझ्या डोळ्यांना वेगळा दिसू लागतो.

आता पास्ट्रामीकडे येऊ, कारण डेलीचा जीव तिच्यात आहे. शब्द रोमानियन ‘पास्त्रामा’वरून आला, तो तुर्की ‘पास्तिर्मा’वरून, म्हणजे दाबून, खारवून टिकवलेलं मांस. रोमानियातले ज्यू ती बहुधा हंसाची करत. अमेरिकेत हंस महाग आणि गोमांस स्वस्त. रेल्वेने पश्चिमेकडून जनावरं येत होती. शिवाय कोशर नियमाने मागच्या पायातली शीर काढल्याखेरीज जनावराचा मागचा भाग खाता येत नाही. बायबलमध्ये याकोब रात्रभर देवदूताशी झुंजला आणि त्याची मांडी लचकली, त्याची ही आठवण. ती शीर काढणं इतकं किचकट, की कोशर खाटीक मागचा अर्धा भाग सरळ बाहेरच्यांना विकून टाकत. हाती उरे पुढचा भाग, म्हणजे छातीचं ब्रिस्केट आणि पोटाकडची चरबीदार पट्टी. दोन्ही निबर, आणि म्हणूनच स्वस्त.

निबर मांस मऊ करायचं तर त्याला वेळ द्यावा लागतो. ते दिवसेंदिवस मीठ-मसाल्याच्या पाण्यात मुरवायचं, मग भरड धणे, काळी मिरी आणि लसूण चोळून धुरावायचं, शेवटी वाफेवर तासन् तास ठेवायचं. कॉर्न्ड बीफलाही असंच मुरवतात, पण त्याला धूर नाही, ते नुसतं उकडतात. पास्ट्रामी वाफेतून निघाली की गरम असतानाच, धाग्यांना आडवी, हाताने कापायची. यंत्राने पातळ काप निघतात, पण गरम आणि मऊ पास्ट्रामी यंत्रात कुस्करते. धण्या-मिऱ्याची ती काळी साल, आत गुलाबी मांस, कडेला वितळू लागलेली चरबी, सोबत शहाजिऱ्यासारख्या कॅरावे बियांचा राय ब्रेड, तिखट मोहरी आणि अर्धवट आंबलेली काकडी. आंबट काकडी चरबी कापते, म्हणून ती बाजूला ठेवायची शोभेची वस्तू नाही. या ताटात लोणी किंवा चीज कुठेच नाही, कारण कोशर स्वयंपाकात मांस आणि दूध एकत्र येत नाहीत.

हाच नियम आपल्या कोकणातही पाळला गेला, आणि त्याची चव मात्र अगदी निराळी झाली. अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यातले बेने इस्रायल ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगावी ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले, मटणाच्या रश्शात दही-दूध घालत नसत. त्यांनी नारळाचं दूध घातलं. एकाच धर्मग्रंथातल्या एका ओळीतून अलिबागला नारळाच्या दुधातला रस्सा झाला आणि न्यूयॉर्कला मोहरी लावलेलं पास्ट्रामी सँडविच. डेलीचं खाणं म्हणजेच ‘ज्यू खाणं’ असं अमेरिकेत सर्रास समजतात. ते एका प्रांतातून एका शहरात आलेल्या लोकांचं खाणं आहे, एवढं लक्षात ठेवायला हवं.

आज जिथे जाऊन ही पास्ट्रामी खाता येते ते सर्वांत जुनं दुकान म्हणजे हाउस्टन आणि लडलो स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं कॅट्झ. सुरुवात १८८८ ची, तेव्हा आइसलँड आडनावाच्या भावांच्या नावाने. विली कॅट्झ १९०३ मध्ये भागीदार झाला, आणि १९१० मध्ये त्याने चुलतभावाच्या साथीने आइसलँड बंधूंचा हिस्साही विकत घेतला. दारातच हाती एक तिकीट पडतं. जे जे घ्याल ते त्यावर लिहिलं जातं आणि बाहेर पडताना तेच दाखवून पैसे द्यायचे. काउंटरमागचा कापणारा सँडविच रचता रचता एक काप बशीत ठेवून आधी चाखायला देतो. दुसऱ्या महायुद्धात मालकांची मुलं सैन्यात होती आणि घरोघरचे आईबाप तिकडे सलामी, म्हणजे टिकाऊ सॉसेज, पाठवत होते. तेव्हा जुळलेलं ‘लष्करातल्या लेकाला सलामी धाडा’ अशा अर्थाचं यमक आजही दुकानात टांगलेलं आहे.

मग ढीग केव्हा रचला गेला? लोअर ईस्ट साइडच्या पहिल्या डेलींत तर नक्कीच नाही. तिथे मांस मोजून-मापून मिळत होतं. तो उभा राहिला वरच्या अंगाला, ब्रॉडवेच्या नाटकगृहांच्या आसपास. १९३० च्या दशकापर्यंत स्थलांतरितांची मुलं वकील झाली होती, कापडाच्या धंद्यात शिरली होती, आणि बरीच जण नाटक, रेडिओ, विनोदी कार्यक्रम यांत नाव काढून होती. खेळ संपला की रात्री उशिरा हे लोक डेलीत जमायचे. १९३७ मध्येच मॅक्स ॲस्नसने स्टेज डेली उघडली, ती पुढे सेव्हन्थ ॲव्हेन्यूवर आली. नटांच्या आणि विनोदवीरांच्या नावांची सँडविचं हे तिचं वैशिष्ट्य झालं. हाकेच्या अंतरावर कार्नेगी. १९७६ मध्ये कार्नेगी लिओ स्टायनर आणि मिल्टन पार्कर यांच्या हाती आली आणि दोन दुकानांमधली चढाओढ पेटली. एकाने मांसाचा थर वाढवला की दुसऱ्याने त्यावर कडी करायची. पास्ट्रामी आणि कॉर्न्ड बीफ दोन्ही भरलेल्या कार्नेगीच्या सँडविचचं नाव ‘वुडी ॲलन’. एक सँडविच दोघांत वाटून खाल्लं तर जादा आकार लागायचा, आणि तरीही लोक वाटूनच खायचे.

या टेबलांवर बसणाऱ्यांच्या आईबापांनी उपास काढले होते. डेलीतला बुजुर्ग वेटर, गिऱ्हाइकाला दटावणारा, ‘हे नको, ते घे’ म्हणणारा, वाढपी कमी आणि घरातला मोठा माणूस जास्त वाटायचा. पंगतीत हात आडवा केला तरी पानात लाडू टाकणारे यजमान ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. पानात उरलं पाहिजे, म्हणजे कुणी उपाशी उठलं नाही हे दिसतं. अमेरिकेत आपण पोचलो याचा याहून ढळढळीत पुरावा त्या पिढीला कुठला मिळणार होता?

एक तडजोड मात्र या वैभवात होऊन गेली. ब्रॉडवेजवळच्या या डेली ‘कोशर पद्धतीच्या’ होत्या, कोशर नव्हत्या. कॅट्झही नाही. राय ब्रेडवर कॉर्न्ड बीफ, आंबवलेली कोबी आणि वितळलेलं स्विस चीज असं रूबेन सँडविच तिथे सर्रास मिळतं, धर्मनियमाने ते चालणार नाही. चव टिकली, नियम सुटला. मला यात कुणाला दोष द्यावासा वाटत नाही. पण ज्या बंधनांमुळे पास्ट्रामी जन्मली ती गळून पडल्यावर उरला तो मुख्यतः आकार, आणि आकाराला कुठे थांबायचं ते कळत नाही. चांगली पास्ट्रामी अर्धा किलोच्या ढिगात नीट चाखताच येत नाही. वरचे काप संपेपर्यंत खालचे गार होतात आणि ब्रेड भिजून जातो. कॅट्झचं सँडविचही भरघोसच असतं, तरी हातात धरून खाता येतं, आणि माझ्या मते तेच योग्य माप.

१९३० च्या दशकात न्यूयॉर्क शहरात सुमारे दीड हजार कोशर डेली असल्याचा अंदाज सांगितला जातो. आज मोजक्याच उरल्या आहेत. युद्धानंतर ज्यू कुटुंबं उपनगरांत गेली, सलामी सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये मिळू लागली, डॉक्टर कोलेस्टेरॉलचं नाव घेऊ लागले. गोमांस महागलं, आणि मुरवून, धुरावून, वाफवून मांसाचं वजन घटतं ते वेगळंच. सँडविचची किंमत पंचवीस डॉलरच्या पुढे गेली तरी मालकाच्या हाती फारसं उरत नाही. त्यात मॅनहॅटनची भाडी. स्टेज डेली २०१२ मध्ये बंद पडली, कार्नेगी चार वर्षांनी.

सेकंड ॲव्हेन्यू डेली भाड्याच्याच वादात २००६ मध्ये बंद झाली होती. ती एब लेबेवोलची. तो १९३१ साली आजच्या युक्रेनमधल्या ल्विव्हजवळ जन्मला, युद्धाच्या काळात कझाकस्तानात हद्दपार झाला, आणि १९५० मध्ये अमेरिकेत आला. १९५४ मध्ये ईस्ट टेन्थ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर त्याने ही डेली सुरू केली. ती खरोखर कोशर होती. दारासमोरच्या फुटपाथवर त्याने यिडिश, म्हणजे पूर्व युरोपीय ज्यूंच्या भाषेतल्या, रंगभूमीच्या कलावंतांची नावं कोरून घेतली, कारण एकेकाळी तिची बरीच नाटकगृहं याच रस्त्यावर होती. बेघर माणूस दारात आला तर तो जेवूनच जायचा, अशी त्याची ख्याती. मार्च १९९६ मध्ये बँकेत पैसे भरायला जाताना लुटारूंनी त्याला गोळ्या घातल्या. मारेकरी आजतागायत सापडलेला नाही.

२००७ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या पुतण्यांनी डेली पुन्हा उघडली, जागा वेगळी, ईस्ट थर्टी-थर्ड स्ट्रीटवर. तिथलं पास्ट्रामी सँडविच आजही एका बैठकीत संपत नाही. उरलेलं अर्धं बांधून मिळतं. आणि बिल येता येता टेबलावर एक इवलासा ग्लास येतो, फुकट, चॉकलेट सिरप आणि सोड्याचा. दोन घोटांचाच. दूध त्यात नसतं, कारण नुकतंच मांस खाऊन झालेलं असतं.