खेळ अपुरा ठेवणे (व्हिडिओ गेम)

एखादा व्हिडिओ गेम मनापासून आवडत असताना आणि वर्षानुवर्षे त्याकडे परत वळत असतानाही तो शेवटापर्यंत न नेण्याची खेळाडूंमधील रीत. कंटाळून सोडलेला खेळ येथे अभिप्रेत नाही. खेळाविषयीची ओढ कायम असणे आणि तरीही ‘लास्ट स्टेज’ न गाठलेली असणे, या दोन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. प्रस्तुत नोंदीत या रीतीचा विचार मुख्यतः नाशिक शहराच्या संदर्भात केला आहे.

अपुरेपणाची चर्चा करण्याआधी व्हिडिओ गेमला शेवट केव्हापासून आला हे पाहावे लागते, आणि त्याविषयी एकमत नाही. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरील प्रारंभीच्या खेळांना बहुधा शेवट नसे. 1978 मधील ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रूची एक फळी संपली की दुसरी उतरते आणि खेळाडूच्या ‘लाइफ’ संपल्या की खेळ थांबतो. 1980 च्या ‘पॅक-मॅन’मध्ये 256 व्या पातळीवर पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या गोंधळाने भरून जातो. हा रचनाकारांनी योजलेला शेवट नव्हे. पातळीचा क्रमांक आठ बिटांत (म्हणजे 255 पर्यंतच मावेल अशा जागेत) साठवलेला असल्यामुळे 255 च्या पुढे उद्भवणारा तो गणनदोष आहे. निन्टेंडोच्या घरगुती यंत्रावर 1989 मध्ये आलेला ‘टेट्रिस’ही असाच अंतहीन असून, यंत्र थिजेपर्यंत तो खेळत नेणे एका खेळाडूला प्रथम डिसेंबर 2023 मध्ये साधले. याउलट, संगणकावरील शब्दाधारित साहसखेळांत समाप्ती बरीच आधी आढळते. विल क्राउदर यांनी साधारणपणे 1975-76 च्या सुमारास लिहिलेल्या गुहेच्या खेळाला डॉन वुड्स यांनी 1977 मध्ये वाढवले, आणि त्या आवृत्तीत कमाल 350 गुण व निश्चित अखेर आहे. घरगुती यंत्रांपुरते पाहिल्यास अटारीवरील ‘अ‍ॅडव्हेंचर’लाही (1980) निश्चित शेवट आहे, तथापि ‘गेम संपवला’ असे अभिमानाने सांगण्याची सवय ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने (1985) लावली, हे मत भारतीय परिस्थितीला अधिक धरून आहे. कोणतेही मत घेतले, तरी न संपणारा खेळ आधीचा आणि शेवट ही नंतरची भर, हा क्रम नाणे टाकायच्या यंत्रांच्या बाबतीत तरी निश्चित दिसतो. त्यामुळे खेळ न संपवणाऱ्याला आळशी किंवा धरसोड वृत्तीचा ठरवणे इतिहासाला धरून नाही.

मानसशास्त्रीय स्पष्टीकरणांत ब्ल्यूमा झायगार्निक (1927) आणि मारिया ओव्हस्यांकिना (1928) यांच्या प्रयोगांचा उल्लेख येतो. अर्धवट राहिलेले काम अधिक लक्षात राहते, असे झायगार्निक यांचे निरीक्षण होते. मध्येच थांबवलेल्या कामाकडे माणूस आपण होऊन परत वळतो, असे ओव्हस्यांकिना यांचे. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात यांपैकी स्मरणाविषयीचा निष्कर्ष टिकला नाही, परत वळण्याचा मात्र टिकला. अपुरा खेळ का खुणावत राहतो, हे त्यावरून कळते; तो मुद्दाम अपुरा का ठेवला जातो, हे कळत नाही. त्यासाठी विचारवंत जेम्स कार्स यांनी 1986 मध्ये मांडलेला भेद उपयोगी पडतो : काही खेळ जिंकण्यासाठी खेळले जातात, तर काही खेळ चालू राहावा म्हणून. आवडत्या खेळातले जग बंद होऊ नये असे वाटणे, हे कारण प्रस्तुत लेखनात अधिक ग्राह्य मानले आहे.

नाशिकमध्ये मात्र आवडीच्या आधी साधनांनीच ही रीत घडवली. 1990 च्या दशकात घरोघरी आलेले व्हिडिओ गेम निन्टेंडोच्या यंत्राच्या स्वस्त नकला होत्या. ‘मारिओ’त प्रत्येकी चार टप्प्यांची आठ जगे आहेत आणि सेव्ह करण्याची सोय नाही, त्यामुळे वीज गेली किंवा घरच्यांनी बातम्या लावल्या की पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. पुढे राज्यभर भारनियमन वाढले, तेव्हा या अडचणीत भरच पडली. पहिल्या जगातील दुसऱ्या टप्प्याच्या छतावरून चालत गेल्यास थेट चौथ्या जगात नेणारा पाइप लागतो, ही माहिती गल्लीतल्या मोठ्या मुलांकडून धाकट्यांकडे तोंडी जात असे.

त्यानंतरचा काळ सायबर कॅफेंचा. कॉलेज रोड, सिडको, नाशिक रोड अशा भागांतील कॅफेंत तासाच्या हिशेबाने ‘जीटीए : व्हाइस सिटी’ हा एका काल्पनिक शहरात घडणारा कथाप्रधान खेळ खेळला जाई. हा खेळ संगणकावर 2003 मध्ये आला. त्यात सेव्ह करण्यासाठी आठ जागा असतात आणि त्या संगणकातच साठतात. म्हणजे आज सातव्या जागेवर ठेवलेली प्रगती उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने पुसलेली असणे स्वाभाविक होते. या खेळात सुरुवातीला वादळाच्या इशाऱ्यामुळे पूल बंद असतात आणि काही मोहिमा झाल्यावरच पश्चिमेचे बेट उघडते. परिणामी अनेक मुलांना समुद्रकिनारा आणि दीपगृह असलेले पूर्वेचे बेट गल्लीबोळांसह पाठ होते, आणि पलीकडचे शहर त्यांनी पाहिलेही नव्हते. वहीच्या मागच्या पानावर ‘पॅन्झर’ (रणगाडा मिळवण्यासाठी) किंवा ‘ॲस्पिरिन’ (तब्येत भरून येण्यासाठी) असे चीट कोड लिहिलेले असत. त्यांनी खेळाची मजा वाढे, पण कथा पुढे सरकत नसे, आणि ती सरकावी अशी निकडही कोणाला नसे. या मुलांचा त्या शहराशी असलेला लोभ खरा होता. शेवट पाहिलेल्या खेळाडूपेक्षा तो उणा मानण्याचे कारण नाही.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्यांच्या बाबतीत आणखी एक प्रकार आढळतो. घरचा संगणक नाशिकलाच राहतो, आणि दिवाळीत परत आल्यावर जुना सेव्ह उघडला की बटणांची सवय मोडलेली असते, हाती घेतलेली मोहीमही आठवत नाही. म्हणून नवा खेळ सुरू केला जातो. अशा खेळाडूला आरंभीचा भाग तोंडपाठ, मधला अंधुक आणि अखेरचा अनोळखी असतो.

काही खेळांनी अपुरेपणाला रचनेतच जागा दिली. ‘सिमसिटी’ला (1989) जिंकण्याची अट नाही. ‘माइनक्राफ्ट’मध्ये नोव्हेंबर 2011 च्या पूर्ण आवृत्तीपासून ड्रॅगनला मारून पोहोचण्याची एक अखेर आहे, परंतु घरे बांधण्यात आणि खाणी खणण्यात रमलेल्याला तिकडे जाण्याची गरज भासत नाही. मोबाइलवरील ‘कँडी क्रश’मध्ये (2012) नव्या पातळ्यांची सतत भर पडते, आणि ‘बीजीएमआय’ (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, 2021) सुट्या सामन्यांवर चालतो. त्यामुळे ही रीत आता मुख्यतः संगणकावरील आणि कन्सोलवरील (घरगुती गेम-यंत्रांवरील) कथाप्रधान खेळांपुरती उरली आहे.