सौर चार्ज कंट्रोलर आणि बॅटरी भरण्याची सबुरी

शेतातल्या खोलीवर बसवलेले १०० वॉटचे सौर पॅनेल ‘१२ व्होल्टचे’ म्हणून विकत घेतलेले असते, पण भर उन्हात त्याच्या तारा मोकळ्या ठेवून मीटर लावला तर आकडा २१-२२ व्होल्टच्या आसपास दिसतो. खोलीत ठेवलेल्या शिसे-आम्ल बॅटरीत प्रत्येकी सुमारे २ व्होल्टचे सहा सेल असतात आणि पूर्ण भरून काही तास नुसती ठेवली तर ती १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. ही दोन्ही थेट एकमेकांना जोडली तर दिवसा पॅनेल बॅटरी भरल्यावरही तिच्यात वीज कोंबत राहील आणि रात्री बॅटरीतली थोडी वीज उलट पॅनेलकडे झिरपेल. म्हणून या दोहोंच्या मध्ये चार्ज कंट्रोलर नावाची छोटी पेटी बसवतात.

या पेटीची खरी अडचण अशी की, बॅटरीत किती वीज साठली आहे हे तिला थेट दिसत नाही. तिला मुख्यतः व्होल्टेज मोजता येते आणि वेळ मोजता येते, आणि या दोन आकड्यांवरून ती बॅटरीच्या पोटाचा अंदाज बांधते. बल्क, अ‍ॅब्सॉर्प्शन, फ्लोट या नावांनी माहितीपुस्तिकेत भेटणाऱ्या अवस्था म्हणजे त्या अंदाजाच्या पायऱ्या होत.

सकाळी ऊन चढू लागले की बल्क ही पहिली अवस्था सुरू होते. रात्रभर दिवे जळाल्याने बॅटरी उतरलेली असते आणि पॅनेल जेवढा प्रवाह देईल तेवढा ती निमूटपणे घेते. कंट्रोलर त्यात अडथळा आणत नाही. बॅटरीचे व्होल्टेज हळूहळू वाढत जाते. ते साधारण १४.४ व्होल्टपर्यंत पोहोचले की बॅटरी भरली असे पाहणाऱ्याला वाटते, पण पुष्कळदा ती तेव्हा ७५ ते ८५ टक्केच भरलेली असते. चार्जिंग चालू असताना दिसणाऱ्या व्होल्टेजमध्ये बॅटरीच्या अंतर्गत रोधाचा वाटा मिसळलेला असतो आणि प्लेटांच्या पृष्ठभागावरची क्रिया आतल्या भागापेक्षा पुढे गेलेली असते. पोत्यात धान्य भरताना सुरुवातीला सुपाने भराभर ओतता येते, तोंडाशी आल्यावर मात्र पोते हलवून, दाबून, मुठीमुठीने भरावे लागते. बॅटरीचेही तसेच आहे.

मुठीमुठीने भरण्याचे हे काम अ‍ॅब्सॉर्प्शन या दुसऱ्या अवस्थेत होते. कंट्रोलर व्होल्टेज १४.४ वर धरून ठेवतो आणि प्रवाह आपोआप कमी कमी होत जातो. शेवटच्या १५-२५ टक्क्यांसाठी दोन ते चार तास सहज लागतात. माझ्या मते संपूर्ण यंत्रणेत सर्वांत दुर्लक्षित राहणारी अवस्था हीच आहे. बॅटरी वापरली जाते तेव्हा तिच्या दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. ते ताजे असताना बारीक स्फटिकांच्या रूपात असते आणि चार्जिंगमध्ये सहज विरघळते; पण बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेली राहिली तर तेच स्फटिक मोठे आणि टणक होतात आणि तेवढा प्लेटचा भाग कायमचा निकामी होतो. अतिचार्जिंगची धास्ती सर्वांनाच असते, परंतु घरगुती सौर यंत्रणांमधल्या बॅटऱ्या बऱ्याचदा उपासमारीने मरतात.

अ‍ॅब्सॉर्प्शनचा ठरावीक वेळ संपला, किंवा काही कंट्रोलरमध्ये प्रवाह पुरेसा घटला, की व्होल्टेज १३.५ ते १३.८ पर्यंत खाली आणले जाते. ही फ्लोट अवस्था. बॅटरीची स्वतःहून होणारी गळती भरून काढण्यापुरताच प्रवाह तिला मिळतो आणि दिवसा चाललेला पंखा परस्पर पॅनेलवर चालतो.

चौथी अवस्था इक्वलायझेशनची, आणि ती फक्त पाणी घालता येणाऱ्या बॅटऱ्यांसाठी आहे. तीत बॅटरी मुद्दाम १५ व्होल्टच्या आसपास, म्हणजे नेहमीपेक्षा वर, काही तास ठेवली जाते. पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे उठतात, त्या बुडबुड्यांनी तळाशी बसलेले जड आम्ल ढवळले जाते आणि मागे पडलेले सेल इतरांच्या बरोबरीला येतात. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेट घेऊ शकतो, म्हणून त्या वेळी खोलीच्या खिडक्या उघड्या हव्यात, आणि नंतर डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहायला हवी. सीलबंद बॅटरीवर हा प्रयोग केल्यास गेलेले पाणी परत घालता येत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला तर इक्वलायझेशन अजिबात चालत नाही. कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार निवडण्याची जी सोय असते ती यासाठी, आणि बसवून देणाऱ्या माणसाने ती पाहिली आहे असे गृहीत धरू नये.

सारी भिस्त व्होल्टेजवर असल्यामुळे ते चुकीचे वाचले गेले की पुढचे सगळेच चुकते. समजा, कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यात ५ मीटर अंतर आहे आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली आहे. जाऊन-येऊन १० मीटर तारेत ६ अँपिअर प्रवाहाला सुमारे ०.४ व्होल्टची घट होते. कंट्रोलर स्वतःच्या टर्मिनलवर १४.४ वाचतो, बॅटरीला मिळतात १४.०, आणि बल्क अवस्था वेळेआधीच आटोपते. तापमानाचेही तेच. १४.४ हा आकडा २५ अंश सेल्सिअससाठी आहे. दर अंशामागे साधारण २४ मिलिव्होल्टचा फरक धरला तर विदर्भातल्या उन्हाळ्यात ४० अंशांच्या खोलीत तो १४.०४ हवा आणि महाबळेश्वरच्या १० अंशांच्या रात्रीनंतरच्या सकाळी १४.७६. चांगले कंट्रोलर ही दुरुस्ती करतात, पण अनेकांचा तापमापक पेटीतच असतो. पेटी तापलेल्या पत्र्याखाली आणि बॅटरी गार फरशीवर असेल, तर दुरुस्तीच चूक ठरते.

बाजारात पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी असे दोन प्रकार मिळतात. पहिला पॅनेलला जवळपास बॅटरीच्याच व्होल्टेजवर ओढून आणतो, म्हणून १७.८ व्होल्ट आणि ५.६ अँपिअरच्या पॅनेलमधून १२.५ व्होल्टच्या बॅटरीत ७० वॉटच्या आसपासच पोहोचतात. दुसरा पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर ठेवून जास्तीच्या व्होल्टेजचे प्रवाहात रूपांतर करतो. मात्र उन्हात ६०-६५ अंशांपर्यंत तापलेल्या पॅनेलचे व्होल्टेज मुळातच उतरलेले असते, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात या लहान पॅनेलवर हा फायदा जाहिरातीतल्यापेक्षा कमी भरतो.

दिव्यांच्या बाजूला कंट्रोलर बॅटरी ११ व्होल्टच्या आसपास उतरली की भार, म्हणजे तिच्यावर चालणारी उपकरणे, तोडतो, पण पुन्हा जोडतो तो १२.५ च्या पुढे गेल्यावरच. भार सुटताच बॅटरीचे व्होल्टेज उसळी घेते. हे अंतर ठेवले नाही तर दिवा रात्रभर लुकलुकत राहील. रस्त्यावरच्या सौर दिव्यांत तर पॅनेलच अंधार ओळखते: त्याचे व्होल्टेज काही व्होल्टपर्यंत घसरले की कंट्रोलर दिवा लावतो.

कोकणात जुलैमध्ये हीच पेटी दिवसामागून दिवस बल्कमध्येच अडकते. पडद्यावर चार्जिंगचे चिन्ह दिसत असते, घरातले निश्चिंत असतात, आणि अ‍ॅब्सॉर्प्शनची पाळी येण्याआधीच संध्याकाळ होते. अशा वेळी दिव्यांचा वापर कमी करावा, शक्य असल्यास आठ-पंधरा दिवसांतून एकदा साध्या विजेवर बॅटरी पूर्ण भरून घ्यावी, आणि पावसाळा सरल्यावर पाण्याच्या बॅटरीला एकदा इक्वलायझेशन द्यावे. ते पूर्ण झाले का, हे पडद्यापेक्षा जुना काचेचा हायड्रोमीटर अधिक खात्रीने सांगतो: सहाही सेलमधल्या आम्लाची घनता उत्पादकाने दिलेल्या आकड्याशी जुळली, ट्यूब्युलर, म्हणजे नळीदार प्लेटांच्या, बॅटरीत तो बहुधा १.२४ च्या आसपास असतो, तर काम झाले. एखादाच सेल मागे राहिला असेल तर कंट्रोलरकडे बोट दाखवण्याआधी त्या सेलकडे पाहावे.