पाण्याशी वैर असलेली काच

काचेतून आरपार दिसतं, म्हणून ती सगळ्याच प्रकाशाला वाट देते असं आपण धरून चालतो. तसं नाही. इंटरनेट वाहून आणणारा सिलिका काचेचा तंतू १.५५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा प्रकाश किलोमीटरमागे जेमतेम पाच टक्के गमावतो; पण तरंगलांबी अडीच मायक्रॉनपलीकडे गेली, की प्रकाश त्यातच जिरतो. सिलिकॉन-ऑक्सिजनचे अणू हलके, त्यांच्यातला बंध ताठ. या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या मध्य-अवरक्त प्रकाशाची ऊर्जा त्यांच्या थरथरण्यातच खर्ची पडते.

मग या प्रकाशाला वाट द्यायला जड अणूंची, सैल बंधांची काच हवी. ती सापडली अपघाताने. १९७४ साली फ्रान्समधल्या रेन विद्यापीठात पूलँ बंधू आणि जाक ल्युका झिर्कोनियम फ्लोराइडचे स्फटिक करायला गेले आणि हाती काच आली. पुढे तिच्यात बेरियम, लँथॅनम, ॲल्युमिनियम आणि सोडियमची फ्लोराइडं घालून झेब्लान काच तयार झाली. (या नावातला शेवटचा 'न' सोडियमचा; लॅटिनमध्ये तो नेट्रियम.) ही काच चार मायक्रॉनपर्यंत स्वच्छ असते.

तिच्यात एर्बियम हा धातू मिसळून तंतू ओढला, की २.८ मायक्रॉनचा लेसर मिळतो. पाणी जिथे प्रकाश अक्षरशः गटकतं, त्याच पट्ट्यातला हा आकडा. शरीराच्या ऊतींत मुख्यतः पाणीच, म्हणून हा प्रकाश काही मायक्रॉन खोलीतच संपतो. त्यातून प्रकाशाचा स्पंद (झोत) फार छोटा असेल, तर उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत तेवढाच कण उडतो. २०१५ मध्ये क्वेबेकच्या लावाल विद्यापीठाने अशा तंतूतून २०७ फेम्टोसेकंदांचे स्पंद काढले (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग). तेवढ्या वेळात प्रकाश हवेत साधारण ६२ मायक्रॉन जातो, म्हणजे केसाच्या जाडीइतका!

पण जे पाणी लेसरचं गिऱ्हाईक, तेच तंतूचा काळ. हवेतली वाफसुद्धा या पट्ट्यातला प्रकाश खाते, म्हणून लेसरमधल्या मोकळ्या वाटेत कोरडा नायट्रोजन सोडावा लागतो. खरी गंमत तंतूच्या टोकाशी असते. फ्लोराइड काचेला ओल लागते, टोकाच्या पृष्ठभागात हायड्रॉक्सिल (पाण्यातून आलेली ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) शिरतं, ते लेसरचा प्रकाश शोषून तापतं, तापलं की आणखी आत शिरतं आणि शेवटी टोक जळतं. यावर तोडगा म्हणून ॲल्युमिनियम फ्लोराइड काचेची छोटी टोपी टोकाला जोडतात. ती जास्त टिकते खरी, पण हळूहळू ओल तिलाही गाठतेच.