गाडीच्या पोटाखालचा लेथ

कापडाच्या दुकानातला माणूस तागा मोजतो, कडेला कात्रीने इवलासा काप देतो आणि दोन्ही हातांनी कापड टर्रकन फाडतो. काप न देता तेच कापड फाडून बघा, घाम फुटेल. डिसेंबर २०२१मध्ये फोर्डने अमेरिकेतले १,८४,६९८ एफ-१५० पिकअप ट्रक दुरुस्तीसाठी परत बोलावले. तिथे दुखणं अशाच एका कापाचं होतं.

या ट्रकचं इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे असतात. मागच्या चाकांपर्यंत ताकद न्यायला पोटाखालून एक लांब दांडा जातो. आपले गॅरेजवाले त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. परत बोलावलेल्या २०२१ आणि २०२२च्या गाड्यांत हा शाफ्ट ॲल्युमिनियमचा होता. त्याच्या वर, गाडीच्या तळाला उष्णता आणि आवाज अडवणारी आच्छादनं होती. ती नीट बसली नसण्याची शक्यता होती. सुटून खाली लोंबली की शाफ्टला टेकायची.

इतक्या हलक्याफुलक्या वस्तूने धातूचा दांडा तुटेल? घासणारी वस्तू एका जागी आणि फिरणारा दांडा तिच्यासमोर, म्हणजे हा लेथच झाला, धातू फिरवत कातणारं यंत्र. ताशी १०० किलोमीटर वेगाला असा शाफ्ट मिनिटाला साधारण दोन हजार फेरे घेतो. तासाभरात लाखावर. ओरखडा एका ठिकाणी न राहता घळीसारखा शाफ्टभोवती फिरतो.

आणि ओरखडा पडतो तो नेमका नको त्या जागी. दांड्याला पीळ दिला की सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थरावर येतो. मधला भाग जवळजवळ फुकट बसून असतो. भरीव दांड्याच्या आतून त्याच्या निम्म्या व्यासाचं भोक पाडलं, तर वजन २५ टक्क्यांनी घटतं, पण पीळ सोसायची ताकद जेमतेम ६ टक्क्यांनी. म्हणून शाफ्ट पोकळ नळीचे करतात. हिशेब चोख आहे, फक्त मग सगळी मदार त्या बाहेरच्या कातडीवर येते. ती खरवडली गेली की आत आधाराला काहीच नसतं.

घळीच्या तळाशी ताण गोळा होतो. फिरणारा शाफ्ट स्वतःच्या वजनाने किंचित वाकलेला असतो, त्यामुळे त्याची प्रत्येक बाजू आळीपाळीने ताणली आणि दाबली जाते. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की पीळ चढतो-उतरतो, तो वेगळाच. असे लाखो हेलकावे खाऊन घळीतून बारीक तडा निघतो आणि हळूहळू पुढे सरकतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा आस असाच तुटला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने आसांच्या थकव्यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. पोलादाची एक मेहेरबानी असते: ताण ठरावीक मर्यादेखाली ठेवला, तर ते जवळपास अमर्याद हेलकावे सोसतं. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. हलकेपणाची ही किंमत आहे.

शाफ्ट चालत्या गाडीत तुटला तर चाकांना ताकद मिळत नाही. तुटलेलं टोक रस्त्याला टेकलं तर गाडी हातातून जाऊ शकते. पण मला जास्त भीती उभ्या गाडीची वाटते. ऑटोमॅटिक गाडीत ‘पार्क’ला टाकलं की गिअरबॉक्समधली खिट्टी त्याच्या बाहेर येणाऱ्या दांड्याला अडकते. म्हणजे चाकं अडवली जातात ती शाफ्टमार्फत. मधला शाफ्टच तुटला, तर खिट्टी जागेवर, गिअर ‘पार्क’मध्ये, आणि हँडब्रेक ओढलेला नसेल तर उतारावरची गाडी खुशाल निघाली.

कंपनीने मालकांना लक्षणं सांगितली होती: खाली लोंबणारं आच्छादन आणि खडखड, टिकटिक किंवा शिट्टीसारखा आवाज. उपायही साधाच, शाफ्ट तपासून गरज असेल तर दुरुस्त करायचा आणि आच्छादनं नीट बसवायची.

आपल्या घाटांत ट्रक उभा केला की क्लीनर आधी खाली उडी मारतो आणि चाकामागे दगड लावतो. गाडी गिअरमध्ये असली तरी लावतो. तो दगड थेट चाकाला भिडलेला असतो, मध्ये ना गिअरबॉक्स, ना शाफ्ट.